लागलं की म्हणतात तसं

मावशीने काठी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरली, मान खांद्यांत घातली आणि ती पायवाटेवरून भराभर चालू लागली. पहिला पक्षी सूं करत आला आणि काठीच्या टोकावर टक्कन चोच मारून गेला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरा मात्र हुशार निघाला. चोचीचे श्रम न घेता तो वरूनच शिटला, आणि ते नेमकं मावशीच्या कोटाच्या बाहीवर पडलं.

"घ्या," मावशी म्हणाली. "जन्मभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले. हा तेवढा राहिला होता."

मागून शिडी हसली.

होडीतून उतरल्यावर धक्क्यापाशीच पक्षीरक्षक बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक काठी दिली होती. ह्या दिवसांत सुरय पक्ष्यांची अंडीपिल्लं उघड्यावर, दगडगोट्यांतच पडलेली असतात. कड्याकडे जाणारी वाट त्यांच्या वस्तीतूनच जाते. माणूस दिसला की ते त्याच्या सगळ्यांत उंच टोकावर तुटून पडतात, आणि ते टोक आपलं डोकं असू नये म्हणून काठी. मावशीला हा हिशेब पटला. एवढाले मूठभर जीव, पण पोरांसाठी माणसाच्या अंगावर येतात, ह्याचं तिला कौतुकच वाटलं. बाहीवरचा डाग सोडून.

शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत असतानाच ती उंचीने बापाच्या डोक्याबरोबर आली आणि बापाने तिला शिडी म्हणायला सुरुवात केली. पुढे ती इंजिनिअर झाली, मोठ्या शहरात इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या कामाला लागली, तेव्हा तर त्याला ऊतच आला. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, आमच्या शिडीने मान हलवल्याशिवाय त्या शहरात लिफ्ट वर जात नाही. बापाची लाँड्री होती. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि दिवसभर वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट. शिडी लहान असतानाच तिची आई वारली आणि काही काळाने त्या दुकानात मावशी लग्न होऊन आली. ती शिडीच्या आईची बहीण नव्हे, नात्यातली तर मुळीच नव्हे. पण पोरीला नव्या बाईला आई म्हणायला सांगणं बापाच्याने होईना, आणि नुसतं बाई म्हणणं बरं दिसेना. तेव्हा कुणीतरी मधला मार्ग काढला, मावशी म्हण. ते असं चिकटलं की गल्लीतली माणसं, दुकानातली गिऱ्हाइकं, एवढंच काय, चुकूनमाकून कधी नवरासुद्धा तिला मावशी म्हणून हाक मारायचा.

तो नवरा आता नव्हता. गेल्या हिवाळ्यात गेला. दुकान दुसऱ्याने चालवायला घेतलं आणि त्याला वरच्या खोल्याही हव्या होत्या. मावशीचा थोरला भाऊ लांब, दुसऱ्या गावी राहायचा. त्याने फोनवर सांगितलं, चल इकडे, बहीण काही भावाला जड होत नसते. वहिनीने मागची खोली रिकामी केली. मावशीने हो म्हणून टाकलं. आता शिडीला सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि तिथेच सगळं अडलं होतं. शिडी 'जाऊ नकोस' म्हणेल ह्याची मावशीला भीती नव्हती. 'बरं झालं' म्हणेल, ह्याची होती.

तुम्हीच सांगा, दोघींचं नातं तरी काय उरलं होतं? आपल्याकडे साडूला शब्द आहे, विहिणीला आहे, नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या बायकोलाही आहे. पण नवरा गेल्यावर त्याच्या पहिल्या बायकोची मुलगी आपली कोण लागते, ह्याला शब्द नाही. सावत्र हा एक आहे, पण तो तोंडात घेतला की तोंड कडू होतं. शिडी दर रविवारी न चुकता फोन करायची, औषधं घेतलीस का विचारायची, जेवलीस का विचारायची. गुणाची पोर. पण बापाच्या नावावर ती किती दिवस हे कर्तव्य ओढत राहणार? एक दिवस फोन उशिरा येईल, मग एखादा रविवार चुकेल, आणि मग आपण फोनजवळ बसून राहू. ते बघण्यापेक्षा आपणच आपलं सन्मानाने निघावं, असं मावशीने ठरवलं होतं.

बेटावर जायची टूम मात्र शिडीची. कडे आहेत म्हणाली, हजारो पक्षी आहेत, चल. मावशीचं पक्ष्यांशी नातं इतकंच, की वाळत घातलेल्या चादरींवरून त्यांनी उडू नये. तरी ती निघाली. म्हटलं, दिवसभर दोघीच असू, कुठेतरी बसून शांतपणे सांगता येईल. होडीत सांगणार होती, तर शिडी होडीवरच्या साखळ्या आणि कठड्याचे खिळे बघण्यात गुंग. काय करता, जात्याच तपासनीस. धक्क्यावर सांगणार होती, तर हातात काठी आली.

सुरयांची वस्ती मागे पडली. पक्षी थोडा वेळ वर घिरट्या घालून, शिव्या दिल्यासारखे किरकिरून परत गेले. दोघींनी काठ्या खाली घेतल्या. पुढे आखूड गवताचा चढ होता, त्यात मधूनमधून काळा खडक वर आलेला, आणि वारा असा की कोटाची बटणं लावूनही पोटाला गार लागत होतं. शिडीने मावशीचा हात धरला नाही, पण ती वाऱ्याच्या बाजूने चालू लागली. मावशीच्या ते लक्षात आलं.

चढ संपला तिथे जमीनही संपली. पक्षीरक्षक बाई तिथे दोराच्या कडेला उभ्या होत्या. ह्या भागाला त्या भूशिर म्हणत होत्या. शाळेच्या पुस्तकानंतर हा शब्द मावशी पहिल्यांदाच ऐकत होती. दोराच्या पलीकडे कडा सरळ खाली गेलेला, आणि त्याच्या प्रत्येक कपारीत, बोटभर रुंदीच्या प्रत्येक कंगोऱ्यावर पक्षी. काळी पाठ, पांढरं पोट, खेटून खेटून उभे. कुणी भांडतंय, कुणी चोचीत मासा आडवा धरून जागा शोधतंय, कुणी पाठ फिरवून आपलं अंडं पायांवर सांभाळतंय. सगळा कडा वरपासून खालपर्यंत विष्ठेने पांढरा झालेला. अगदी खाली समुद्र कड्यावर आपटत होता, पण त्याचा आवाज वर पोचतच नव्हता, इतका ह्यांचा कालवा. आणि वास! मावशीने मासळीबाजारातल्या एप्रनांचे गठ्ठे धुतले होते, तरी तिने नाकाला रुमाल लावला.

पण रुमाल लावून का होईना, ती बघत राहिली. इतक्या उंचावर, इतक्या अडचणीत, वाऱ्याच्या तोंडावर ह्यांनी संसार मांडलाय, आणि मांडलाय तो चालतोयसुद्धा. तिला अचानक फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं कुणी थोडा वेळ धरल्यासारखं वाटलं. शिडीने दोराचा खुंट हलवून बघितला, तो पक्का आहे अशी खात्री केली आणि मगच ती मावशीशेजारी येऊन टेकली.

हीच वेळ, मावशीने मनाशी म्हटलं.

"मी दादाकडे जाणार आहे," ती समोर बघत म्हणाली. "राहायला. कायमची."

त्याच क्षणाला खालून मोठा कुरव, अंडी पळवणारा पक्षी, वर आला. त्याला बघून सगळा कडा एकदम ओरडला. शिडीने कानामागे हात धरला.

"काय?"

एकदा हिय्या करून बोललेलं वाक्य माणसाला लगेच दुसऱ्यांदा बोलता येत नाही. मावशीने मान हलवली.

"काही नाही. वास येतोय म्हटलं."

परत निघाल्या तेव्हा ऊन उतरत होतं. वाट तीच, सुरय तेच, आणि त्यांचा रागही तसाच ताजा. मावशी पुढे, शिडी मागे. वस्तीच्या मध्यावर शिडीच्या बुटाची नाडी सुटली असावी. ती वाकली, काठी खाली टेकली, नाडी बांधली आणि काठीशिवाय उठून उभी राहिली. एवढं निमित्त सुरयांना पुरलं.

"आई गं!"

मावशीचे पाय जागच्या जागी थांबले. पण ती वळली नाही.

का वळली नाही, हे सांगायचं तर बरंच मागे जायला हवं. मावशीच्या लग्नात शेजारची एक म्हातारी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली होती, "काळजी करू नको बाळ, माय मरो मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही." म्हण मायेची, म्हणणारीही मायेनेच म्हणाली. पण जिची माय खरोखरच मेली होती, त्या पोरीने त्यातलं पुढचं काही ऐकलंच नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती दुकानाच्या जिन्यावरून घसरली आणि ओरडली, "आई गं!" मावशी हातातली इस्त्री तशीच टाकून धावली, "आले गं, आले." पोरीने गुडघा धरून वर पाहिलं.

"तुला नाही म्हटलं," ती म्हणाली.

रागाने नाही, रडूनही नाही. एखादं गिऱ्हाईक चुकून दुसऱ्याचं पार्सल उचलायला लागलं की आपण जसं सांगतो, तसं. मावशी तशीच दुकानात परत गेली. इस्त्रीखाली कुणाच्या तरी शर्टाची पाठ करपली होती. नवऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, लक्ष नव्हतं. त्या दिवसापासून पोर 'आई गं' म्हणाली की मावशी जिथे असेल तिथे थोडी थांबायची. दाढ दुखो, बोट चेंगरो, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात कळ येवो. आधी थांबायचं, आणि मग दुसऱ्याच कामाला आल्यासारखं सहज तिच्याजवळ जायचं. काय झालं गं? ह्या थांबण्याची तिला इतकी सवय झाली, की आपण थांबतो हेही ती विसरून गेली.

तेवढंच ती आत्ताही थांबली. पण सुरयांना कुठे ठाऊक होतं? एकाने डाव साधला म्हटल्यावर बाकीचे तुटून पडले. मावशी वळली तेव्हा शिडी गुडघ्यांवर बसली होती, डोक्यावर दोन्ही हात, आणि बोटांतून रक्त कपाळावर उतरत होतं. मग मात्र मावशी काठी गरगर फिरवत, तोंडाला येईल ते बोलत धावली. नवऱ्याने ऐकलं असतं तर त्याला घेरी आली असती, असले शब्द. कोट काढून तिने शिडीच्या डोक्यावर टाकला, आणि दोघी एका कोटाखाली वाकून, ठेचकाळत वस्तीबाहेर आल्या.

जखम फार नव्हती. डोक्याला जरा लागलं तरी रक्त भळाभळा येतंच, असं पक्षीरक्षक बाई म्हणाल्या. धक्क्याजवळ त्यांची एक खोली होती. एक स्टोव्ह, एक खाट, खिडकीत दुर्बीण, कोपऱ्यात नळ आणि पत्र्याचं घमेलं. त्यांनी जखम पुसली, औषध लावलं, कपाळाच्या वर पट्टी चिकटवली, आणि होडी यायची वेळ झाली म्हणून बाकीच्या मंडळींना गोळा करायला त्या निघून गेल्या.

मावशीने शिडीचा शर्ट मागून घेतला. शिडी खाटेवर स्वेटर घालून बसली. मावशीने घमेल्यात गार पाणी सोडलं. रक्ताला गारच पाणी हवं, गरम लागलं की डाग बसलाच म्हणून समजा. ती कॉलर चोळू लागली. डाग फिकट झाला तरी ती चोळतच होती. आपण वेळेवर वळलो असतो तर ह्यातलं निम्मं रक्त आलं नसतं, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.

"मी ओरडले तेव्हा तू थांबलीस," शिडी म्हणाली. "मला दिसलं ते. थांबलीस, पण वळली नाहीस."

ऐकू आलं नाही असं म्हणणं सोपं होतं. एवढा गलका आयता हाताशी होता. मावशीने त्यासाठीच तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते खरंच.

"मला वाटलं, तू आपली लागलं की म्हणतात तसं म्हणालीस."

"लागलं की म्हणतात तसंच म्हणाले," शिडी म्हणाली. "पण तू होतीस ना पुढे."

मावशीचे हात पाण्यात थांबले.

"तूच म्हणाली होतीस एकदा," ती घमेल्याकडे बघत म्हणाली. "जिन्यावरून पडलीस तेव्हा. मी धावत आले, तर म्हणालीस, तुला नाही म्हटलं."

"कधी?"

"लहान होतीस."

शिडीने आठवून बघितलं. पडल्याचं तिला आठवत होतं, गुडघ्यावर वण अजून होता, बापाने खांद्यावर घेऊन डॉक्टरकडे नेलं तेही आठवत होतं. हे वाक्य मात्र कुठेच सापडेना. कुणा दुसऱ्याच मुलीची तक्रार आपल्यापुढे आल्यासारखी ती मावशीकडे बघत राहिली.

"आणि तू ते इतकी वर्षं मनात धरून बसलीस?"

"धरून नाही बसले गं," मावशी म्हणाली. "पाळलं."

शिडी खाटेवरून उठली. दोन पावलं पुढे आली आणि तिथेच, खोलीच्या मधोमध, उभ्याउभ्या रडायला लागली. उंच माणसांना रडताना कुठे वाकावं ते कळत नाही, तशी. मावशीने ओले हात स्वतःच्या अंगाला पुसले, तिला दंडाला धरून खाली ओढली आणि पट्टीला धक्का लागणार नाही अशा बेताने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. मावशीलाही रडू आलं, आणि आल्यावर ते तिने आवरलं नाही. घमेल्यात नळ तसाच वाहत होता. कुणीच तो बंद करायला गेलं नाही.

बऱ्याच वेळाने शिडी स्वेटरच्या बाहीला नाक पुसत बाजूला झाली.

"मी घर बदललंय," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावर घेतलं."

"लिफ्ट तपासणाऱ्या बाईला खालचा मजला कशाला?"

"लिफ्ट बंद पडली तर तुझ्या गुडघ्यांना जिना चढवेल का?" शिडी म्हणाली, आणि मग नजर दुसरीकडे नेऊन भराभर बोलू लागली. पुढची खोली उजेडाची आहे, शेजारीपाजारी बरे आहेत, दवाखाना जवळ आहे. विचारायचं म्हणूनच हे बेटाबिटाचं काढलं. पण आता मावशीला तिच्या स्वतःच्या माणसांत जावंसं वाटत असेल, बाबा होते तोवर ती बांधलेली होती, आता कशाला तिला आणखी बांधून घालायचं, असं मनात यायचं आणि तोंड उघडायचं नाही. दोनदा फोनवर विचारणार होती, दोन्ही वेळा औषधांचंच विचारून फोन ठेवला.

बाहेर होडीचा भोंगा वाजला. धक्क्यावरून पक्षीरक्षक बाई कुणाला तरी काठ्या परत मागत होत्या. मावशीने नळ बंद केला, शर्ट पिळला आणि झटकला. शिडी कोट घालता घालता एकदम थांबली.

"तू मघाशी कड्यावर काहीतरी सांगत होतीस. वासाचं नव्हतं ते. काय म्हणत होतीस?"

"दादाकडे जाणार आहे म्हणत होते."

शिडीचा एक हात बाहीत अर्धाच राहिला.

"हो?" ती म्हणाली. मग बाही वर ओढत तिने विचारलं, "किती दिवस?"

मावशीने शर्टाची घडी घातली. ओल्या कापडाची घडी नीट बसत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तरी तिने ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"चार दिवस," ती म्हणाली. "वहिनी फार मागे लागलीय गं. त्याहून जास्त राहिले तर तिलाच माझा कंटाळा यायचा."